ती एफडी गुडघ्यांसाठीच ठेवा

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. आण्णा यांना,
शि. सा. नमस्कार.

गेले तीन रविवार आण्णा फोनवर विचारताहेत, "बबडीच्या ॲडमिशनचं कुठवर आलं?" आणि तिन्ही वेळा मी विषय आईच्या बीपीवर नेला. चौथ्यांदा तसं करवेना, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं तर आण्णा नुसतं "बरं" म्हणाले असते आणि फोन आईकडे दिला असता. ते "बरं" ऐकलं की मला अजूनही रात्रभर झोप लागत नाही.

तर सांगते. बबडीनं इंजिनिअरिंगला प्रवेश घेतलेला नाही. सीईटीला 94 पर्सेंटाइल पडूनही कॅपचा, म्हणजे प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म आम्ही भरला नाही. इथल्याच एका अनुदानित कॉलेजात तिनं बी.ए.ला नाव घातलंय, मुख्य विषय अर्थशास्त्र आणि जोडीला समाजशास्त्र. फी भरून झाली. तुम्हाला आधी विचारलं नाही ही चूक माझी आहे, पोरीची नाही. ती रोज म्हणत होती, "आजोबांना सांग की गं."

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस. आधी सगळं वाचून घे.

आण्णा, तुम्ही वर्कशॉपची वही लिहायचात तशी पानाच्या मधोमध रेघ मारून मी हिशेब मांडला. डावीकडे इंजिनिअरिंग. आम्ही चौकशी केली तिथं वर्षाची फी पावणेदोन लाख, म्हणजे चार वर्षांचे सात लाख. मुलींना फी माफ झाल्याची बातमी तुम्ही कापून ठेवलीत हे मला माहीत आहे, पण 2024 च्या त्या निर्णयाला वार्षिक 8 लाखांच्या उत्पन्नाची अट आहे आणि आमचे दोघांचे पगार मिळून त्याच्या वर जातात. उजवीकडे बी.ए. वर्षाला चौदा हजार, तीन वर्षांचे 42,000. पुढं एम.ए.ची दोन वर्षं, बहुतेक दिल्ली नाहीतर हैदराबाद, राहण्या-खाण्यासकट तीन लाख धरले. सगळे मिळून साडेतीन लाखांच्या आत.

एवढ्यावर वही मिटली असती तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "आणि लेथ बंद राहिली त्याचं काय?" काम नसलं तरी शेडचं भाडं चालूच असतं, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरात तुमच्या स्टुलावर बसून मी शिकले. इंजिनिअर चार वर्षांत कमवायला लागतो, हिला पाच लागणार. त्या एका वर्षाचा बुडालेला पगारही खर्चातच धरायला हवा. आमच्या कंपनीत नवीन पोरांना वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, तेवढे धरले. बेरीज दोन्हीकडे सात लाखांपाशीच येते. मी ती दोनदा तपासली.

मिळकतीचं मात्र गोड करून सांगत नाही. पहिली सात-आठ वर्षं तिच्या हातात इंजिनिअर झालेल्या मैत्रिणींपेक्षा कमीच पडेल, असं मी धरूनच चालले आहे. आईला वाटेल, प्रोफेसर होईल. सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार 57,700 पासून सुरू होतो हे खरं, पण नेट-सेट या प्राध्यापकीच्या परीक्षा पास होऊनही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारी माणसं आपल्याच गल्लीत आहेत. त्यामुळं त्या एकाच जागेवर डोळा ठेवून तिला बसू देणार नाही. गणित चांगलं आहे म्हणूनच अर्थशास्त्र. संशोधनात गेली आणि जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला 37,000 आहेत. भारतीय अर्थ सेवेची परीक्षा आहे, तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते, नुसत्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर तिथं बसता येत नाही. बँका आहेत, सर्वेक्षणाची कामं आहेत. नुसती बी.ए. करून थांबायचं नाही, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

आणि आण्णा, हा नाद तिला तुम्हीच लावलाय. 2021 चा पूर आठवा. शाळा ऑनलाइन होती म्हणून ती तुमच्याकडेच होती. पाणी उतरल्यावर भिंतींवर ओलीची रेघ राहिली होती आणि तुम्ही दोघं स्टीलची टेप घेऊन गल्लीभर फिरलात. तुम्ही खालचं टोक उंबऱ्याशी दाबून धरायचा, ती वर आकडा वाचायची, चार फूट दोन इंच, चार फूट सात. एकोणीस घरं. आकड्याशेजारी तिनं मालक की भाडेकरू तेही लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात पंचनामा झाला का ते. मागच्या खोलीतल्या मावशींकडे पाणी सगळ्यात जास्त होतं, पाच फूट एक, आणि पंचनामा झाला घरमालकाच्या नावानं. "आजोबा, डबे तर मावशींचे वाहून गेले की." तुम्ही काही बोलला नाहीत, टेप गुंडाळत राहिलात. ती वही अजून तिच्या टेबलाच्या खणात आहे, चिखलाच्या बोटांसकट. अकरावीत तिला कळलं की मदत कुणाच्या नावावर जाते आणि का, हे शिकवणारे विषय असतात. त्या दिवशी ती जेवलीसुद्धा नाही, बोलतच बसली होती.

तुम्ही म्हणाल, असल्या शिक्षणानं कुणाचं पोट भरलं? आण्णा, साखर कारखान्यांचे शाफ्ट आणि रोलर करून तुम्ही घरावर मजला चढवलात. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं धनंजयराव गाडगीळ होते. ते अर्थशास्त्रज्ञ, पुण्यात 1930 साली निघालेल्या गोखले संस्थेचे. त्याच वाटेनं आपल्याकडे सहकारी कारखाने आले, आणि त्यांची कामं तुमच्या लेथवर.

1998 ला बारावीनंतर मी काय म्हणाले होते, ते हे वाचताना तुमच्या मनात येणार. येऊ देऊ नका. आईच्या पाटल्या मी विसरलेले नाही. त्या पाटल्यांनी मला पायावर उभं केलं, नोकरी दिली, हे घर दिलं. तेव्हा चुकून बघायला आपल्याकडे पैसे नव्हते, आणि तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. आज थोडे आहेत, तेही तुमच्याच जिवावर. शनिवारी तुम्ही मला शेडमध्ये न्यायचात आणि लेथखालची निळी पडलेली लोखंडाची वेटोळी मी बांगड्या म्हणून गोळा करायचे. हात कापेल म्हणून तुम्ही एकेकीचं टोक कानशीनं घासून द्यायचात. गिऱ्हाईक उभं असलं तरी.

आता कामाचं. बबडीच्या इंजिनिअरिंगची म्हणून ठेवलेली एफडी ऑगस्टमध्ये सुटते. ती पुन्हा तिच्या नावानं गुंतवायची नाही. वर्षाचे चौदा हजार आमच्या पगारातून सहज निघतात आणि एम.ए.चं आम्ही बघतो. ते पैसे तुमच्या गुडघ्यांचे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलंय आणि तुम्ही नातीचं शिक्षण पुढं करून टाळत आलात. आता ते कारण उरलेलं नाही. दिवाळीनंतर इथं या. आमच्याकडे लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय, पलंगही उंच घेतलाय. आई, तुझं शुक्रवारचं अंबाबाईचं दर्शन महिनाभर चुकेल, पण देव्हारा तुझ्याच खोलीत हलवते, पूर्वेकडं तोंड करून. चटणी-मसाला इथं कांडून मिळतो. तू तिथनं पोतं भरून आणू नकोस.

आणि तोवर माळ्यावर कुणी चढायचं नाही, ना आण्णांनी, ना तू. बीपीची गोळी सकाळची सकाळीच. तुला बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही.

राग आला असेल तर माझ्यावर काढा, रात्री नऊनंतर मी घरीच असते. बबडीशी मात्र नेहमीसारखंच बोला. ती फोनकडे बघत बसते. आणि ती स्टीलची टेप तिला हवी आहे. कुरिअर करू नका, येताना आण्णांनी स्वतः घेऊन यायची.

तुमची,
माई

ता. क. : पाऊस वाढलाय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना, इशारा पातळीला, गेलं की लगेच मामाकडे राजारामपुरीत जायचं, 43 च्या धोका पातळीची वाट बघत बसायचं नाही. मामाला मी सांगून ठेवलंय. वह्या आणि बँकेची कागदं आत्ताच वरच्या मजल्यावर नेऊन ठेवा, मागच्या खोलीतल्या मावशींकडून.