एका चुकीला किती वेळा मार्क कापणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की टक्के, टॉपर, अकरावीची कट-ऑफ यावर सगळीकडं पानंच्या पानं येतात, पण पेपर तपासला कसा जातो यावर फारसं कोणी बोलत नाही, आणि गणिताच्या बाबतीत तर नाहीच नाही. मराठीच्या निबंधाला एका सरांनी पाच दिले आणि दुसऱ्यांनी सात दिले तर कोणाला नवल वाटत नाही. गणितात मात्र उत्तर एकतर बरोबर नाहीतर चूक, तिथं कसली आलीय मनमानी, असंच सगळे धरून चालतात. मी भांडुपला घरीच आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते, आणि माझं मत आता बरोबर उलटं झालंय.

साधं उदाहरण देते. माझ्या क्लासमधल्या एका मुलाच्या दहावी बोर्डाच्या बीजगणिताच्या पेपरची झेरॉक्स आली होती. तीन मार्कांचं गणित, सूत्र वापरून वर्गसमीकरण सोडवा, x² + 10x + 2 = 0. पोरानं a, b, c च्या किमती बरोबर काढल्या, b² − 4ac बरोबर लिहिलं, 100 − 8 पर्यंत आला आणि घाईत 92 च्या जागी 82 लिहून मोकळा झाला. पुढं सूत्र बरोबर, किमती बरोबर टाकल्या, शेवटी मुळं √82 घेऊन का होईना पण पद्धतशीर लिहिली. मिळाला अर्धा मार्क. म्हणजे a, b, c चा अर्धा दिला आणि त्याखाली लाल पेनानं एक तिरपी रेघ, विषय संपला. त्याची आई मला म्हणाली, टीचर उत्तर चुकलंय ना, मग कापणारच की. अहो कापा ना, पण किती? वजाबाकी चुकली त्याचा अर्धा कापा, एक कापा. सूत्र त्याला येतं, ते त्यानं लिहूनही दाखवलंय, त्याचे मार्क कुठल्या हिशोबानं गेले? एकदा दंड भरलेल्या माणसाला पुढच्या प्रत्येक स्टेशनावर टीसीनं परत पकडावं तसं झालं हे.

मग मी तीच झेरॉक्स ओळखीतल्या तीन गणिताच्या शिक्षकांना दाखवली, दिलेले मार्क झाकून. एकानं दोन दिले, एकानं दीड, आणि एक सर म्हणाले अर्ध्याच्या वर मी देणारच नाही, बोर्डाच्या मुलानं वजाबाकी चुकायची म्हणजे काय! तिघंही अनुभवी माणसं, तिघांनाही आपलंच बरोबर वाटत होतं आणि तिघांकडंही कारण होतं.

हे काही आपल्याकडंच होतं असं नाही, आणि आजचंही नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट नावाच्या दोघांनी 1912 मध्ये इंग्रजीचे पेपर वेगवेगळ्या शिक्षकांकडून तपासून घेतले, मार्कांत प्रचंड फरक निघाला. लोक म्हणाले भाषेत असं होणारच. म्हणून त्यांनी 1913 मध्ये मुद्दाम भूमितीचा एकच पेपर शंभरावर शिक्षकांना पाठवला, आणि 100 पैकी मार्क आले 28 पासून थेट नव्वदीच्या पुढपर्यंत, म्हणजे फरक भाषेपेक्षाही जास्त. कारण तेच. कोणी फक्त उत्तर बघितलं, कोणी पद्धत बघितली, कोणी टापटिपीचेही कापले. आपल्याकडं भूमितीत हे अजून दिसतं. प्रमेयात विधान बरोबर पण पुढं कंसात कारण लिहायचं राहिलं, किंवा को-को (कोन-कोन) कसोटीनं त्रिकोणांची समरूपता दाखवली पण कोनांचा क्रम पुढंमागं झाला, किंवा उत्तराला चौसेमी लावलं नाही. कोणी सोडून देतो, कोणी अर्धा कापतो आणि कोणी दर ओळीला कापत जातो.

बोर्डाकडं याची काही व्यवस्था नाही असं मी म्हणत नाही. परीक्षकाच्या वर नियामक असतो, त्याच्या वर मुख्य नियामक, आदर्श उत्तरं आणि मार्कांची विभागणी ठरते, नियामक काही पेपर परत बघतात. पण बीजगणित 40 आणि भूमिती 40 अशा छोट्या पेपरात अर्धा अर्धा करत चार मार्क कुठं जातात ते कळत नाही, आणि मुंबईत रुपारेल किंवा वझे कॉलेजच्या अकरावीच्या यादीत चार मार्क म्हणजे काय ते पालकांना विचारा. (शाळेच्या हातातल्या 20 अंतर्गत मार्कांबद्दल मी काही लिहीत नाही, ते कसे मिळतात सगळ्यांना माहितीये.) मध्ये 2024 च्या अभ्यासक्रम आराखड्यावरून गणिताचं पासिंग 35 ठेवायचं की 20 यावर केवढा गदारोळ झाला, पण ते 35 मोजतं कोण आणि कुठल्या मापानं, हे विचारायला कोणी तयार नाही.

इंग्लंडात जीसीएसईच्या, म्हणजे त्यांच्या दहावीसारख्या परीक्षेच्या, गणिताच्या मार्किंग स्कीममध्ये (कुठल्या पायरीला किती मार्क ते सांगणाऱ्या कागदात) प्रत्येक मार्कावर खूण असते, हा पद्धतीचा मार्क, हा अचूक उत्तराचा मार्क. आणि जिथं सवलत आहे तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं की आधीची किंमत चुकली असली तरी ती घेऊन पुढचं काम बरोबर केलं तर पुढचा मार्क द्या. म्हणजे चुकीला एकदाच शिक्षा. शिवाय पेपर स्क्रीनवर तपासतात, आणि परीक्षकाच्या नकळत मधूनमधून असे पेपर घालतात ज्यांचे मार्क वरिष्ठांनी आधीच ठरवलेले असतात, तिथं जास्तच फरक पडायला लागला तर त्या परीक्षकाचं काम थांबवतात. मार्किंग स्कीम नंतर सगळ्यांना बघायला मिळते. आपल्या सीबीएसईच्याही मार्किंग स्कीम त्यांच्या साइटवर मिळतात, त्यामुळं हे परदेशातच जमतं असं कोणी सांगू नये.

स्क्रीनचं नाव काढलं की मुंबईकर दचकतात हे मला माहितीये. 2017 ला मुंबई विद्यापीठानं घाईघाईत ऑनलाइन तपासणी सुरू केली, निकाल महिनोन् महिने लटकले, शेवटी कुलगुरूंना जावं लागलं. पण तिथं नडली ती घाई. मी म्हणतेय ते कागदावरच्या तपासणीतही करता येतं. गठ्ठे वाटण्याआधी सगळ्या परीक्षकांना तीच चार उत्तरं तपासायला द्या आणि मार्क जुळेपर्यंत लाल पेन हातात देऊ नका, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. आणि परीक्षकांचीही बाजू आहे बरं का, उन्हाळ्यात शाळेची कामं सांभाळून, लोकलमधून लटकत यायचं आणि गठ्ठ्यावर गठ्ठे उपसायचे, पेपरामागे मिळणारे पैसे तर सांगायची लाज वाटेल इतके. अशा माणसाला नियम पक्का लिहून दिला नाही तर तो दमल्यावर रेघच मारणार.

आता पालकांच्या हातात काय आहे ते बघा. 50 रुपये भरून गुणपडताळणी केली तर बेरीज आणि न तपासलेलं उत्तर एवढंच बघतात. छायाप्रतीला, म्हणजे तपासलेल्या पेपरच्या झेरॉक्सला, विषयामागे 400, मग पुनर्मूल्यांकनाला (पेपर परत तपासून घ्यायला) अजून 300, आणि तेही छायाप्रत मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत. 1984 मध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याच बोर्डाच्या केसमध्ये हायकोर्टाचा निकाल फिरवून पेपर दाखवायची सक्ती नाही असं सांगितलं होतं, 2011 मध्ये त्याच कोर्टानं माहिती अधिकारात स्वतःचा तपासलेला पेपर बघायचा मुलांचा हक्क मान्य केला. ठीक, पेपर हातात आला. पण आमच्या हातात आली ती नुसती झेरॉक्स. कुठल्या पायरीला किती मार्क होते ते त्यात कुठंच नव्हतं, मग पाच दिवसांत 300 रुपये भरायचे की नाही हे त्या आईनं ठरवायचं कशावरून? शेवटी मी सांगितलं म्हणून भरले, आणि मलाही ते अंदाजानंच सांगावं लागलं.

बोर्डानं यंदापासून एवढं करावं. मार्कांची विभागणी निकालाच्या दिवशीच साइटवर टाकावी, त्यात चूक पुढं गेली तर काय करायचं ते एका ओळीत लिहावं, आणि 400 रुपये घेताच आहात तर त्या विषयाच्या विभागणीची दोन पानं झेरॉक्सला जोडून द्यावीत.

आपली,
एक क्लासवाल्या बाई, भांडुप, मुंबई