चवळी उपटली म्हणून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील ‘परसबाग स्पर्धेत शाळांची बाजी’ ही पाऊण पान बातमी वाचली. फेटे बांधलेले पाहुणे, गेरू-चुना लावलेल्या विटांचे वाफे, मागे फ्लेक्स. विजेत्या शाळांचे अभिनंदन. फक्त एक शंका आहे. एवढ्या फोटोंत एकाही लेकराच्या हाताला माती लागलेली कशी नाही? मातीचे हात छापायला आपल्याकडे बंदी असेल तर तसे कळवावे.

आमच्या गावच्या शाळेतही परसबाग आहे. नातू सातवीत. त्याच्या पुस्तकात रायझोबियम नावाचे जिवाणू आहेत, ते डाळवर्गीय पिकाच्या मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, एवढे पाठ करून तो घरी आला. मी शेतकरी माणूस. म्हटले, पाठ कशाला करतोस, शाळेच्या वाफ्यात चवळी आहे, एक रोप हळूच उपट आणि मुळं बघ. गाठ नखाने फोड. आतून गुलाबी निघाली तर ती कामावर आहे, हिरवट किंवा करडी निघाली तर तिचं काम संपलं. तो गुलाबी रंग ज्याचा असतो ते द्रव्य आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे भाऊबंद, हेही सांगितले. पोरगं रात्रभर खूश.

दुसऱ्या दिवशी त्याने रोप उपटले. मुळांना ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या, फोडल्या तर आत गुलाबी. वर्गातली चार पोरं भोवती गोळा झाली. तेवढ्यात सर आले. समिती येणार होती ना! पोराला वाफ्यासमोर उभे केले, ‘बागेची नासधूस’ म्हणून सगळ्यांदेखत झापले आणि तेच रोप परत मातीत खोचायला लावले. ते दुपारपर्यंत माना टाकून पडले, तर त्या जागी नर्सरीतून आणलेले झेंडूचे रोप पिशवीसकट पुरले. समितीने फोटो काढला. आता वाफ्यापुढे ‘आत पाय ठेवू नये’ अशी पाटी आहे.

सरांवर माझा राग नाही. म्हणजे आहे, पण थोडा. त्यांच्यामागे ऑनलाइन माहिती भरण्याचे झेंगट आहे, वर तपासणी आहे, त्यात स्पर्धा. पण केंद्राने २०१९ साली शाळांच्या पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या मुलांनी स्वतः लावावे, वाढवावे, खावे यासाठी. समितीने बघावे यासाठी नव्हेत. उपटून न बघता मूळ कसे दिसणार? वाफ्याची लांबी-रुंदी टेपने मोजली तर क्षेत्रफळाचे गणित तिथेच सुटते. मेथी कितव्या दिवशी उगवली, हे पोराने वहीत लिहिले तर तोही अभ्यासच. त्यात चार रोपे मेली तर मरू देत, आमच्या शेतात काय सगळी जगतात?

पाण्याचे तर विचारूच नका. खिचडीची ताटं धुतलेले पाणी गेटातून रस्त्यावर जाते, तिथे चिखल, चिखलात डुकरे. आणि बागेला समितीच्या आदल्या दिवशी टँकर! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मराठवाड्यात हे चालते. एक चर खणून ते पाणी शेवग्याला आणि कढीपत्त्याला सोडायला कुठला निधी लागतो? मे महिन्यात सुट्टी लागली की सगळे वाफे करपतात आणि जूनमध्ये पुन्हा नवीन फ्लेक्स. उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे परीक्षकांनी एकदा तरी विचारले का, हे आपल्या वार्ताहराने शोधावे. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, तिथला एखादा जाणकार परीक्षक म्हणून नेला तर निदान तो मुळं तरी बघेल.

जाता जाता एक. फोटोखाली आपण ‘भेंडीच्या वाफ्याची पाहणी करताना मान्यवर’ असे छापले आहे. ती अंबाडी आहे. दोन्ही एकाच कुळातली, पानं फाटलेली दिसतात, त्यामुळे लांबून घोटाळा होतो, कबूल. पण अंबाडीचे पान चावले की आंबट लागते, एवढे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही माहीत असते. मान्यवरांनी आणि आपल्या छायाचित्रकाराने एक पान तोंडात टाकले असते तर भागले असते. दुरुस्ती छापणार असाल तर कोपऱ्यात का होईना, पण त्याच पानावर छापावी. आमच्याकडे पेपर साडेअकराच्या एसटीने येतो, आतली पुरवणी बऱ्याचदा येतच नाही.

आपला,
एक आजोबा
ता. सेलू, जि. परभणी