ठिणग्यांच्या हायब्रिड मोटरसाठी जमीन अधिक साफ हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत अमेरिकेतील हाय-पॉवर हौशी रॉकेट्रीची, म्हणजे छंद म्हणून मोठी, शक्तिशाली रॉकेटे उडवण्याची, ओळख करून देणारा लेख वाचला. या विषयावर मराठीत फारसे लिहिले जात नसल्याने त्याचे मनापासून स्वागत करतो. मात्र हायब्रिड मोटर (मोटर म्हणजे इथे रॉकेट ढकलणारे इंजिन) घन इंधनाच्या मोटरपेक्षा सुरक्षित असते आणि आता तिच्यातून चंदेरी ठिणग्यांचा पिसाराही काढता येतो, ही दोन विधाने लेखात एका दमात केली आहेत. ती अशी शेजारी ठेवली, की ठिणग्याही तितक्याच निर्धोक असाव्यात असा वाचकाचा समज होतो. तो समज चुकीचा आहे, आणि कोरड्या गवताच्या मैदानावर त्याची किंमत मोठी असू शकते, म्हणून हे पत्र.

हायब्रिड मोटरला सुरक्षित का म्हणतात, ते आधी पाहू. घन इंधनाच्या मोटरमध्ये अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ रबरासारख्या बंधकात इंधनासह कालवलेला असतो. जळायला लागणारे सारे काही एकाच कांडीत असल्यामुळे ती एकदा पेटली की थांबवता येत नाही. हायब्रिडमध्ये हे दोन घटक वेगळे राहतात. इंधन म्हणजे प्लास्टिकचे किंवा रबराचे पोकळ नळकांडे आणि ऑक्सिडायझर, म्हणजे ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ, हा टाकीत दाबाखाली ठेवलेला द्रव नायट्रस ऑक्साइड, जो उड्डाणाच्या थोडा वेळ आधी, माणसे दूर गेल्यावर, नळीतून भरला जातो. फळीवर पडलेले नळकांडे प्लास्टिकच्या कोणत्याही वस्तूइतकेच निरुपद्रवी असते. ही कल्पना जुनीच आहे. सोव्हिएत संघात 17 ऑगस्ट 1933 रोजी उडालेल्या जीआयआरडी-09 या रॉकेटात द्रव ऑक्सिजन आणि घट्ट केलेले पेट्रोल वापरले होते. अमेरिकेतील हौशी मंडळींमध्ये हायब्रिडला मागणी आली, त्याला मात्र कायद्याचेही कारण होते. परक्लोरेटच्या मोटरचे इंधन तेथील संघीय विभागाने स्फोटकांच्या यादीत घातले होते आणि त्यासाठी परवाना लागत असे. प्लास्टिकच्या नळकांड्याला तो लागत नसे. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रिपोली रॉकेट्री असोसिएशन या दोन संघटनांनी 2000 मध्ये दाखल केलेल्या दाव्यात मार्च 2009 मध्ये न्यायालयाने ते वर्गीकरण रद्द केले.

म्हणजे हायब्रिडची सुरक्षितता ही साठवणुकीची, वाहतुकीची आणि भरणीच्या क्षणापर्यंतची सुरक्षितता आहे. नॉझलमधून, म्हणजे मोटरच्या मागच्या तोंडातून, बाहेर काय पडते, याबद्दल ती काहीच हमी देत नाही. नायट्रस ऑक्साइडही काही गरीब वायू नव्हे: तापवल्यास तो उष्णता सोडत विघटित होतो, आणि 2007 मध्ये कॅलिफोर्नियातील मोहावी येथे स्केल्ड कंपोझिट्स या विमाने आणि अवकाशयाने बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीत, काहीही पेटवलेले नसताना, नायट्रसच्या स्फोटात तीन जणांचा मृत्यू झाला. तो प्रकार मोठ्या यंत्रणेचा होता, पण ‘सुरक्षित’ हे विशेषण किती जपून वापरावे हे त्यावरून कळते.

आता ठिणग्यांकडे वळतो. घन मोटरमध्ये त्या बहुधा टायटॅनियमच्या सच्छिद्र कणांनी, म्हणजे टायटॅनियम स्पंजने, काढल्या जातात. मोटर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी एरोटेकचे ‘मेटलस्टॉर्म’ आणि सेसरोनीचे ‘स्किडमार्क’ ही इंधने याच जातीची. अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड ज्वलनकक्षात बहुतांशी वाफ होऊन जळते आणि पांढरी लखलखीत ज्योत देते. टायटॅनियमचा जाडसर कण मात्र वितळलेल्या थेंबाच्या रूपात जळत जळत बाहेर पडतो, हवेतील ऑक्सिजन घेत पुढे जात राहतो आणि शेवटी बऱ्याचदा फुटून तारा होतो. साणेवर पोलाद धरल्यावर उडणारी ठिणगी डोळ्यांपुढे आणावी. ही तिच्याहून जाड, जास्त तापलेली आणि जास्त काळ टिकणारी असते. टायटॅनियम 1,668 अंश सेल्सियसला वितळते, यावरून हा थेंब वाळलेल्या गवतावर पडला तर काय होईल ते सांगायला नको. रेट्याच्या दृष्टीने यात लाभही नाही, कारण जो धातू नॉझलबाहेर जळतो त्याची उष्णता रॉकेट ढकलायला उपयोगी पडत नाही. ठिणग्या निव्वळ देखाव्यासाठी असतात. तो देखावा मलाही भारून टाकतो, हे मोकळेपणाने सांगतो. तो बंद व्हावा अशी माझी इच्छा नाही.

हायब्रिडमध्ये याच धातूचे कण इंधनाच्या नळकांड्यात मिसळलेले असतात. नळकांड्याचा पृष्ठभाग उष्णतेने झिजत जातो तसे कण सुटतात, पृष्ठभागापासून थोड्या अंतरावर असलेल्या ज्योतीतून जातात आणि पेटून बाहेर पडतात. इथवर घन मोटर आणि हायब्रिड यांत फारसा फरक वाटणार नाही. खरा फरक पडतो तो मोटर सुरू होताना, आणि लेखात नेमके तेच राहून गेले आहे.

परक्लोरेटची मोटर चांगली पेटली तर क्षणार्धात पूर्ण दाबावर येते आणि रॉकेट रेलवरून, म्हणजे उड्डाणाला दिशा देणाऱ्या उभ्या पट्टीवरून, निघून जाते. ठिणग्यांचा मोठा भाग उंचावर बाहेर पडतो आणि खाली येईपर्यंत विझलेला असतो. जमिनीला धोका असतो तो पहिल्या काही मीटरांत. हायब्रिडची सुरुवात अनेक गोष्टींवर अवलंबून असते. अनेक छोट्या हायब्रिडमध्ये नायट्रस भरण्याची नायलॉनची नळीच झडपेचे काम करते: पेटवणी ती नळी जाळून तोडते तेव्हा द्रव ज्वलनकक्षात शिरतो. नळी नीट तुटली नाही, पेटवणी कमी पडली किंवा टाकी अर्धवट भरली, तर मोटर पेटते खरी, पण रॉकेट उचलण्याइतका रेटा देत नाही; आणि मग ते पॅडवर, म्हणजे उड्डाणाच्या जागी, उभ्या उभ्या जळत राहते. त्यात द्रव संपल्यावरही टाकीतील वायू काही वेळ वाहत राहतो, म्हणून हायब्रिडच्या ज्वलनाला लांब, अशक्त शेपूट असते. साध्या नळकांड्याच्या बाबतीत हा केवळ हिरमोड असतो. धातूच्या नळकांड्याच्या बाबतीत तेवढा सगळा वेळ ठिणग्या एकाच जागी, जमिनीलगत पडत राहतात, आणि आसपास सांडलेला नायट्रस लागलेली आग आणखी भडकवतो.

तापमानाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. नायट्रस स्वतःच्याच बाष्पदाबाने ढकलला जातो. 20 अंश सेल्सियसला हा दाब सुमारे 50 बार असतो, तर 0 अंशाला तो 31 बारच्या आसपास उतरतो. थंड सकाळी त्याच मोटरचा रेटा कमी पडतो आणि रॉकेट रेलवरून हळू निघते. हिवाळ्यात गवतही वाळलेले असते, त्यामुळे संथ उड्डाण आणि कोरडे मैदान यांची गाठ नेमकी एकाच वेळी पडते.

नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या हाय-पॉवर सुरक्षा संहितेत पॅडभोवतीचे कोरडे गवत किती अंतरापर्यंत काढायचे याचा तक्ता आहे. मोटरचे वर्ग त्यांच्या एकूण आवेगावरून (रेटा गुणिले वेळ) ठरतात; के वर्गाच्या, म्हणजे 1,280 ते 2,560 न्यूटन-सेकंदांच्या मोटरसाठी साफ केलेल्या वर्तुळाचा व्यास 75 फूट, तर त्याहून मोठ्या एम वर्गासाठी 125 फूट सांगितला आहे. इंधनात टायटॅनियम स्पंज असेल तर हे अंतर दीडपट करावे आणि तेवढ्या जागेतील जळण्याजोगे सर्व काही काढून टाकावे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे के वर्गासाठी सुमारे 34 मीटर आणि एम वर्गासाठी सुमारे 57 मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ. नियम योग्य आहे, पण त्यात नाव टायटॅनियम स्पंजचे आहे. हायब्रिडच्या नळकांड्यात टायटॅनियमचा कीस असेल किंवा दुसराच धातू असेल, तर अक्षरशः वाचणारा म्हणेल की हे आपल्याला लागू नाही. माझे स्पष्ट मत असे, की निर्णय धातूच्या नावावर न होता नॉझलमधून जळते कण बाहेर पडतात की नाही यावर व्हावा, आणि हायब्रिडसाठी दीडपट ही किमान मर्यादा मानावी. संहितेत उड्डाणासाठी वाऱ्याची कमाल मर्यादा ताशी 20 मैल आहे. ठिणग्यांच्या उड्डाणाला ती फार सैल वाटते, कारण एवढा वारा जळता कण साफ केलेल्या वर्तुळाबाहेर सहज नेऊ शकतो.

नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटासारख्या, गवताची काडीही नसलेल्या कोरड्या तळ्याच्या पात्रात यातले बरेच प्रश्न उद्भवतच नाहीत. परंतु बहुसंख्य क्लब शेतकऱ्यांच्या जमिनीवर, त्यांच्या सौजन्याने उड्डाणे करतात. तिथे लागलेली एक आग संपूर्ण क्लबचे मैदान घालवू शकते, आणि त्यात साध्या मोटर उडवणाऱ्यांचेही तितकेच नुकसान होते.

लेख वाचून कोणा उत्साही वाचकाला बाजारातील साध्या नळकांड्यात स्वतःच धातू मिसळावासा वाटू नये, म्हणून एक गोष्ट ठामपणे लिहितो. याच संहितेनुसार फक्त प्रमाणित, कारखान्यात तयार झालेल्या मोटरच वापरायच्या असतात आणि त्यांत कोणताही फेरफार करायचा नसतो. धातू घातला की झिजण्याचा वेग, दाब आणि नॉझलची धूप हे सारे बदलते, आणि मूळ चाचणीचा आधार उरत नाही.

हायब्रिडची एक सोय या बाबतीत फार उपयोगाची आहे: नळकांडे उड्डाणाच्या दिवशीही बदलता येते. नायट्रस थंड असेल, वारा वाढला असेल किंवा वर्तुळ पुरेसे साफ झाले नसेल, तर त्याच मोटरसाठी प्रमाणित असलेले बिनधातूचे नळकांडे बसवून ठरलेले उड्डाण करता येते. ठिणग्यांचे नळकांडे तसेही फळीवर ठेवून खराब होत नाही. आपल्या पुरवणीत या विषयावर पुढे लेख येणार असेल, तर ही सोय वाचकांपर्यंत जरूर पोहोचवावी, अशी विनंती करतो.

आपला विश्वासू,
एक वाचक