महागडी तपासणी सरस असतेच असे नाही

संपादक महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतील स्तनांच्या तपासण्यांवरचा लेख वाचला. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), मग सोनोग्राफी, मग एमआरआय अशी चढती भाजणी त्यात लावली आहे, जणू पुढची तपासणी मागचीपेक्षा सरसच. कॅल्सिफिकेशनच्या बाबतीत हे साफ चुकीचे आहे. क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ म्हणून उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवले नाही.

कॅल्सिफिकेशन म्हणजे स्तनात साठलेले कॅल्शियमचे कण. (कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे ते होत नाहीत, हा प्रश्न हमखास येतो.) कर्करोगाची खूण असू शकतात म्हणून ज्यांची काळजी करायची, ते बहुधा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतात. कॅल्शियम क्ष-किरण अडवते, म्हणून मॅमोग्राफीत ते पांढरे ठिपके होऊन उमटतात. बर्लिनचे शल्यविशारद आल्बर्ट सालोमन यांनी 1913 मध्येच, शस्त्रक्रियेत काढलेल्या स्तनांच्या क्ष-किरण चित्रांत ते टिपले होते. सोनोग्राफीत गाठ भरीव आहे की पाण्याची हे छान कळते, पण असे सुटे कण बरेचदा हरवून जातात. एमआरआयमध्ये तर ते थेट दिसत नाहीत. दुधाच्या नलिकांपुरता मर्यादित असलेला डीसीआयएस हा प्राथमिक कर्करोग त्यात दिसू शकतो, पण शिरेतून दिलेले औषध तिथे जास्त शोषले जाते म्हणून, कणांमुळे नव्हे.

त्यामुळे मॅमोग्राफीत संशयास्पद कण दिसले आणि सोनोग्राफी नॉर्मल आली, तर संशय मिटत नाही. अनेक बायका इथेच थांबतात, आणि घरचेही ‘नॉर्मल आहे ना, मग झालं’ म्हणतात.

थ्रीडी मॅमोग्राफी, म्हणजे टोमोसिंथेसिस, दाट स्तनांतल्या गाठी शोधायला चांगली. पण तिच्या पातळ कापांत कणांचा एकच पुंजका विखरून दिसू शकतो, म्हणून सोबत साधे द्विमितीय चित्रही बघतात. खरा निवाडा बऱ्याचदा मॅग्निफिकेशन व्ह्यूवर होतो. त्यात स्तन उंच पाटावर ठेवून कणांचे चित्र दीडपट ते दुप्पट मोठे घेतात. वरून घेतलेल्या चित्रात धूसर गोल वाटणारे ठिपके बाजूच्या चित्रात चंद्रकोरीसारखे दिसले, तर ते बारीक पाण्याच्या पिशव्यांच्या तळाशी बसलेले कॅल्शियम असते. ते निरुपद्रवी. लाह्यांसारखे जाडजूड कणही निरुपद्रवीच, ते जुन्या फायब्रोअ‍ॅडेनोमाच्या (कर्करोग नसलेल्या) गाठीत असतात. नलिकेच्या रेषेत फाटे फुटत गेलेले बारीक कण दिसले, की मात्र बायोप्सी (तुकडा काढून तपासणे) टाळू नये. तीही मॅमोग्राफीच्याच मार्गदर्शनाखाली करता येते, आणि काढलेल्या तुकड्यांचा एक्स-रे काढून कण त्यात आलेत ना, हे तिथल्या तिथे तपासतात.

लेखात नसलेली आणखी एक गोष्ट: तपासणीच्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नये. त्यातले कण चित्रात हुबेहूब कॅल्सिफिकेशनसारखे दिसू शकतात आणि बाईला उगाच पुन्हा यंत्रात दाबून घ्यावे लागते.

पुढच्या लेखात रिपोर्टवरच्या बायरॅड्स श्रेणी, म्हणजे कर्करोगाचा संशय किती हे सांगणारे आकडे, समजावून सांगाव्यात. श्रेणी 3 म्हणजे कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, साधारण सहा महिन्यांनी फेरतपासणी. श्रेणी 4 म्हणजे बायोप्सीचा सल्ला. आणि दर वेळी जुन्या फिल्म किंवा सीडी सोबत न्यायला सांगा, नुसता कागदी रिपोर्ट नको. कण नवे की जुनेच, हे चित्रे शेजारी ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही.

– एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ