सराफ्याची गोष्ट, क्लिक करत करत

मा. संपादक, स.न.वि.वि.

आमची नात इथंच इंदूरला कॉलेजात आहे, तिला डिजिटल स्टोरीटेलिंग असा एक विषय आहे आणि परवा म्हणाली, आजी, आपल्या सराफा बाजाराची गोष्ट सांग ना, प्रोजेक्ट करायचाय. मला वाटलं चित्रंबित्रं चिकटवून फाइल करेल. पण तिनं लॅपटॉपवर ट्वाइन उघडलं, क्लिक करत वाचायच्या गोष्टी रचायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं, २००९ पासून आहे म्हणे. पडद्यावर नुसते चौकोन! पहिल्यात दिवसाची सोन्याचांदीची दुकानं, मग एखाद्या शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन चौकटी कंस घातले की त्याची लिंक होते, नवा चौकोन उगवतो आणि मध्ये बाण लागतो. ‘रात्र’वर क्लिक केलं की शटर खाली, आणि भुट्टे का कीस, गराडू असं खाणं हजर. पुढं वाचणाऱ्यानं ठरवायचं, जिलबी खायची की राजवाड्याकडं परतायचं. मी जिलबी घेतली तर हिनं पैसे संपले म्हणून मला घरी धाडलं, लबाड कुठली.

सगळी गोष्ट एका एचटीएमएल फाइलीत बसते, ब्राउझरमध्ये उघडते. पण सर म्हणे, हा खेळ झाला, पीपीटी करून आण. अहो, मी आठवणी सांगायला लागले की घरात सगळे मोबाइल काढतात, इथं मात्र नातू जेवण सोडून तीनदा खेळला, तेही मराठीतून!

इथल्या मराठी मंडळांनी उन्हाळी शिबिरात हे ठेवावं. गोष्टी आम्ही म्हाताऱ्या पुरवू, कंस मुलांनी घालावेत.

आपली,
एक आजी, इंदूर