धोडपच्या भिंतीवर भेटलेल्या माणसांचे मनापासून आभार

१७६८ साली माधवराव पेशव्यांनी राघोबादादांचा पाडाव केला तो नाशिक जिल्ह्यातला धोडप किल्ला पाहायला रविवारी गेलो होतो. तिथल्या भिंतीवर माझ्या धाकट्या बहिणीला भोवळ आली. ती काळ्या कातळाची धार किती चिंचोळी आहे हे नाशिकच्या भटक्यांना ठाऊक आहेच. दोन्ही अंगांना कडा आणि भन्नाट वारा. ती मटकन बसली, उठेचना.

तेवढ्यात पायथ्याच्या हट्टी गावाकडचे एक गुराखी बाबा आले. त्यांनी हाताला धरून ओढलं नाही की घाई केली नाही. पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, दरीकडं बघू नको. माझ्या टाचंकडं बघ. मी टाकीन तिथंच पाय टाक." त्या भेगाळलेल्या टाचांमागून ती सावकाश चालत आली. नाशिकच्याच दोन मुलांनी तिच्या कमरेला दोर बांधून मागची बाजू सांभाळली. दोर सोबत बाळगणाऱ्या अशा पोरांचं फार कौतुक वाटतं.

गावात एका मावशींनी ताक पाजलं, पैशाला हात लावला नाही.

नावं कुणीच सांगितली नाहीत. बाबा, मावशी, दादांनो, बहीण सुखरूप आहे. तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. हट्टीत कुणाची ओळख असेल तर एवढा निरोप जरूर पोचवा.