बाई जे खाते ते का खाते, हे पण विचारा ना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात पुरवणीत बायकांच्या आहारावर लेख आला होता. पालेभाजी खा, नाचणी खा, वेळेवर जेवा, सगळं बरोबरच आहे हो, पण बाई जे खाते ते का खाते हे त्यात कुठेच नाही.

आमच्याच घरात बघा, किराणा एक, कढई एक, पण चौघींची ताटं चार तऱ्हेची. सासूबाई रात्रीची पोळी आणि उरलेली आमटी स्वतःच संपवणार, "टाकवत नाही गं" एवढंच म्हणतात, पैशाची अडचण काही नाहीये, आधी सगळ्यांचं होऊदे हा त्यांचा स्वभावच आहे. जाऊबाई शिस्तीच्या, मटकी रविवारीच भिजत पडते. मला नवीन काही दिसलं की करून बघायचंच असतं, राळ्याची खिचडी मी कोणी न सांगताच केली. आणि नणंद काळजी करणारी, ऑफिसात काही बिनसलं की रात्री दहाला फरसाणचा डबा उघडते आणि सकाळी वजनाच्या भीतीने नाश्ताच करत नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. 1995 मध्ये ब्रिटनच्या अँड्र्यू स्टेप्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस खाणं कशावरून निवडतो त्याची 36 प्रश्नांची प्रश्नावली केली, त्यात एकूण नऊ कारणं धरलीत, तब्येत, चव, किंमत, वजन यांच्यासोबत मूड, सवय आणि सोय पण आहे. म्हणजे तब्येत हे नऊ कारणांतलं फक्त एक, आणि आपले सगळे लेख तेवढ्यावरच चालतात.

महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अॅनिमिया आहे, 2019-21 च्या सरकारी पाहणीत 54 टक्के. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन संस्था, बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह सांगते, पुरुषाला 19. जेवल्यावर लगेच चहा घेतला की लोह नीट अंगी लागत नाही, हे जाऊबाईंना एकदाच सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून चहा तासभर पुढे गेला. सासूबाईंना तेच दहा वेळा सांगितलं, काही फरक नाही, शेवटी मी त्यांच्याच शिळ्या पोळीच्या कुस्करात लोहासाठी मूठभर मेथी घातली आणि वरून लिंबू पिळलं, काही टाकावं पण लागलं नाही आणि त्या आवडीने खातात.

नणंदेचं मात्र मला अजून जमलेलं नाही. खाण्याबद्दल एक शब्द बोललं की ती अजूनच कमी खाते, म्हणून आता आम्ही बोलणंच सोडलंय आणि मला त्याची फार काळजी वाटते. अशा मुलींसाठी आहारतज्ज्ञ आणि मानसशास्त्राचा जाणकार दोघांना एकत्र बसवून एक लेख लिहून घ्या, आणि तो नुसता त्या मुलीला उद्देशून नको, घरच्यांनी काय बोलावं आणि काय बोलू नये ते पण त्यात हवं.

आपली,
एक वाचक, सातारा